बारशाच्या दिवशी शटडाऊन

"बाई, आमच्या कॉम्प्युटरची वाचा गेलीय," हिरामण बोराडे फोनवर म्हणाले, "आणि बारसं पावणेपाचला आहे."

वत्सलाबाईंनी चष्मा लावला. चष्म्याशिवाय त्यांना फोनवर नीट ऐकू येत नसे. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"वाचा गेली म्हणजे नेमकं काय झालं, ते सावकाश सांगा. घाई नाही."

घाई होती. पण समोरच्याला घाई नाही असं सांगितलं की त्याची निम्मी अडचण तिथेच सुटते, हे वत्सलाबाई पेठ तालुक्यातल्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवता शिकवता शिकल्या होत्या. निवृत्तीनंतर त्या जेल रोडला राहायला आल्या, पुस्तकं आणून स्वतः कॉम्प्युटर शिकल्या आणि मग आसपासच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या शंका फोनवर सोडवू लागल्या. नातवंडं घरोघरी होतीच. पण नातवंडांची रीत अशी, की आजोबांच्या हातातला माउस काढून घ्यायचा, पाच-सात ठिकाणी टकटक करायचं, "झालं आजोबा" म्हणायचं आणि चालू पडायचं. काय झालं हे आजोबांना कळत नसे आणि दुसऱ्यांदा विचारायची सोय उरत नसे. म्हणून वत्सलाबाई शंका सोडवायला कुणाच्या घरी जातच नसत. ज्याचा माउस त्याच्याच हातात राहिला पाहिजे, हा त्यांचा नियम होता.

त्याहूनही मोठा नियम म्हणजे, ज्याला जे येतं त्यातूनच त्याला नवं शिकवायचं. पेठच्या पोरांना त्यांनी वजाबाकी नागलीच्या दाण्यांवर शिकवली होती. जन्मभर खानावळ चालवलेल्या भिमाबाईंना त्यांनी सांगितलं, की कॉम्प्युटरला एक ओटा असतो आणि एक कोठीची खोली असते. कोठीत कितीही भरा, पण ओट्यावर एकदम दहा पातेली काढून ठेवली की काम अडणारच. भिमाबाईंचा चेहरा उजळला.

"मंग असं सांगायचं ना बाई. माझा नातू दोन दिस रॅम रॅम करीत होता, मला वाटलं देवाचं नाव घेतोय."

हिरामणभाऊ मात्र वेगळ्या तालमीतले. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात त्यांनी तेहतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी घरात ते अजून ड्युटीवरच असत. चहाला उकळी आली की 'प्रेशर आलं' म्हणत आणि जावई येणार असले की 'लोड वाढणार' म्हणत. दोन गल्ल्या पलीकडे 'श्रमसाफल्य' नावाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ते राहायचे आणि त्या इमारतीचे सेक्रेटरीही तेच होते, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं.

आज त्यांच्या नातीचं बारसं होतं. नात जर्मनीत होती. मुलगा हर्षल आणि सून रोशनी तिकडे नोकरीला. मुलगी झाली त्याला आज बारावा दिवस. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे हिरामणभाऊंची थोरली लेक तृप्ती, सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात. आत्या नाशिकला आणि कान जर्मनीत, अशी अडचण असल्यामुळे मध्ये कॉम्प्युटर घातला होता. चौथ्या मजल्यावर हॉलमध्ये पाळणा सजवला होता, पाळण्यात बाळाच्या ऐवजी झबलं घातलेला वरवंटा निजवला होता आणि समोर पंचवीस बायकांना दिसेल असा मोठा पडदा मांडला होता. मुहूर्त पावणेपाचचा. तेव्हा तृप्तीने इथून नाव सांगायचं, रोशनीने तिथे ते बाळाच्या कानाशी धरायचं आणि दोन्हीकडच्यांनी कुर्र करायचं.

नाव काय, ते तृप्तीने कुणालाच सांगितलं नव्हतं. हिरामणभाऊ गेले दहा दिवस एकच नाव लावून धरून बसले होते. 'ऊर्जा'. "तेहतीस वर्षं मी तीच तयार केली," असं त्यांचं म्हणणं. त्यावर तृप्तीने एकदाच उत्तर दिलं होतं, "बाबा, नाव आत्या ठेवते. तुम्ही घुगऱ्यांचं बघा."

"सकाळी हर्षलशी बोलून पाहिलं," हिरामणभाऊ सांगत होते. "तो दिसतोय, ओठ हलतायत, पण आवाज शून्य. नाव सांगितलेलं पोचलं की नाही, हे आम्हाला कळणार कसं?"

"बरं. उजव्या कोपऱ्यात खाली कर्ण्याचं चित्र आहे का?"

"कर्ण्याचं चित्र, आहे. वेळ तीन बारा."

"वेळ नका सांगू. त्यावर फुली आहे का?"

"फुली, नाही."

"त्यावर माउस ठेवल्यावर आकडा किती येतो?"

"शंभर. फुल लोड."

वत्सलाबाईंनी आणखी चार गोष्टी तपासायला लावल्या. हिरामणभाऊंनी चारही तपासल्या आणि वहीत लिहून घेतल्या. पेन कागदावर घासल्याचा आवाज फोनवर येत होता. मग वत्सलाबाईंनी तो प्रश्न विचारला, जो त्या नेहमी शेवटी राखून ठेवत.

"हिरामणभाऊ, हा कॉम्प्युटर शेवटचा बंद कधी केला होता?"

पलीकडे पेनाचा आवाज थांबला.

"बंद म्हणजे?"

"म्हणजे शटडाऊन."

"बाई, मागच्याच्या मागच्या दसऱ्याला पूजा करून चालू केला. आज पाचशे चारावा दिवस. एकदाही ट्रिप नाही, बंद पडणं नाही." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "रात्री फक्त पडदा बंद करतो. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर टाकलाय. आमची ही म्हणते, पंखा टाका इन्व्हर्टरवर. मी म्हटलं, पंखा बंद पडला तर घाम येईल, एवढंच. चांगल्या चाललेल्या युनिटचा शटडाऊन कशाला घ्यायचा?"

"पण कधीतरी घ्यावा लागतो ना?"

"घ्यावा लागतो, पण त्याला पद्धत आहे. या कॉम्प्युटरमध्ये ते बटण उघड्यावर ठेवलंय. पहिल्याच दिवशी बघितलं आणि धस्स झालं. कुणाचाही हात लागेल. मी आमच्या हिला सांगून ठेवलंय, पुसताना तेवढा कोपरा सोडून पुसत जा."

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. वत्सलाबाई शंकेला हसत नसत. त्यांनी विचार केला: याच माणसाला शटडाऊन समजत नाही असं नाही, उलट सगळ्या जेल रोडवर शटडाऊन समजणारा हा एकच माणूस आहे. मग नवी भाषा कशाला?

"हिरामणभाऊ," त्या प्रेमाने म्हणाल्या, "एकलहऱ्याला तुम्ही युनिटचा शटडाऊन कसा घ्यायचा? तसाच घ्या. न घाबरता, क्रमाने, काही न गाळता. सगळं नीट बंद झाल्याची खात्री करा, थोडा वेळ थांबा आणि मग परत चालू करा. आवाज येईल."

"तसाच घेऊ?"

"अगदी तसाच."

"मग पाऊण तास लागेल."

वत्सलाबाईंना वाटलं, थट्टा करतायत. "सावकाश घ्या," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून चहा टाकायला गेल्या. शिकवणं चांगलं झालं की त्यांना चहा लागे.

साडेतीनला भिमाबाईंचा फोन आला. त्या हिरामणभाऊंच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या.

"बाई, आमच्या ग्रुपवर आलंय. आज चार ते साडेचार नियोजित शटडाऊन हाय म्हणे. पाणी भरून घेऊ का?"

शनिवार होता. शनिवारी दुरुस्तीसाठी लाईट जाणं यात जेल रोडला नवल नव्हतं.

"घ्या भरून," वत्सलाबाई म्हणाल्या. "आणि फोनही चार्जिंगला लावून ठेवा."

प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं. फक्त प्रश्न कुठून आला, हे त्यांनी विचारलं नाही.

सव्वाचारला पुन्हा हिरामणभाऊ.

"बाई, शटडाऊनचं बटण दाबलं. निळा पडदा आला. आता इंग्रजीत लिहून आलंय, अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. सहा टक्के. मी बंद करायला सांगतो आणि हा म्हणतो बंद करू नका. असा उलटा रिपोर्ट मी तेहतीस वर्षांत पाहिला नाही."

"पाचशे चार दिवसांचं साचलेलं काम तो आता एकदम करतोय," वत्सलाबाई म्हणाल्या. "वर्षभर न्हाणी घासली नाही की एक दिवस घासत बसावंच लागतं, तसं. त्याला करू द्या. मध्ये करंट तेवढा तुटता कामा नये."

"मग पंचाईत आहे. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झालीय."

"इन्व्हर्टर कशाला? तुमच्याकडे लाईट गेली का?"

"गेली नाही. मी घेतली."

वत्सलाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"मेन स्विच चार दहाला ओढला," हिरामणभाऊ शांतपणे सांगू लागले. "आधी घरातला लोड उतरवला. पंखे, फ्रीज, मिक्सर, क्रमाने. मग आमच्या घराची लाइन तोडायला खाली मीटरच्या खोलीत आलो, तर रंगवाल्याने सगळ्या मीटरवरची नावं रंगवून टाकलेली. आमचं कुठलं, भिमाबाईंचं कुठलं, कळेना. आता शंका असेल तिथे एकेक चाचपायचं नसतं, मुख्य ओढायचं असतं. म्हणून साडेतीनला ग्रुपवर सूचना टाकली आणि वेळ झाल्यावर सगळ्या इमारतीचा मेन ओढला, कुलूप लावलं, पाटी अडकवली. सगळं झाल्यावर जिने चढून वर गेलो आणि मग बटण दाबलं. आता परत खाली येऊन बसलोय."

"अहो, पण मेन कशाला?"

"तुम्हीच म्हणालात ना बाई. एकलहऱ्याला घेता अगदी तसाच घ्या. काही न गाळता."

सांगितलेलं अक्षरशः, एकही पायरी न गाळता करणारा विद्यार्थी मिळावा, अशी वत्सलाबाईंनी छत्तीस वर्षं इच्छा धरली होती. तो आता मिळाला होता.

"हिरामणभाऊ, माझं चुकलं. तो मेन आधी परत लावा."

"लावला असता. पण परमिट परत आल्याशिवाय मेन लावता येत नाही. काम ज्याच्या नावावर, त्याने सही करून सांगायचं की काम झालं, माणसं बाजूला झाली. मग लाईट सोडायची. ह्याच्यात हयगय केली की माणूस जातो."

"मग करा ना सही."

"माझी चालत नाही. मी परमिट देणारा. घेणाऱ्या तुम्ही आहात. काम तुम्ही सांगितलंत, म्हणून तुमच्या नावाने फाडलंय."

अशा रीतीने वत्सलाबाईंनी आपला पहिला नियम मोडला आणि चपला पायात सरकवून श्रमसाफल्यकडे निघाल्या.

मीटरच्या खोलीच्या दारात हिरामणभाऊ प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसले होते. बारशाचा नवा शर्ट, कपाळाला गंध, गळ्यात सुतळीने बांधलेली किल्ली. मागे पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलं होतं: 'माणसे काम करीत आहेत. स्विच लावू नये.' माणूस एकच दिसत होता आणि तो काही करत नव्हता.

"चार पंचवीस," ते म्हणाले. "वेळेवर आलात."

"आणा तो कागद."

तेवढ्यात वरून कुठूनतरी पत्रा बडवल्यासारखा आवाज आला. धड, धड, धड. आणि विहिरीतून यावी तशी हाक आली.

"बाबा, लिफ्ट अडकलीय."

"ही तर तृप्ती," वत्सलाबाई म्हणाल्या.

हिरामणभाऊंनी खिशातून फोन काढून पाहिला. "सात मिस्ड कॉल आहेत. वाजत होता. पण शटडाऊन चालू असताना घरचे फोन घ्यायचे नाहीत, हा आमचा नियम होता."

तृप्तीची पहिली पाळी साडेतीनला सुटली होती. सातपूरहून स्कूटर दामटत ती चार नऊला इमारतीत शिरली, चार मजले चढायला नकोत म्हणून लिफ्टमध्ये उभी राहिली, आणि चार दहाला तिच्या वडिलांनी शास्त्रशुद्ध पद्धतीने मेन ओढला. तेव्हापासून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये ती लोंबकळत होती. वर पंचवीस बायका समजत होत्या की ती अजून वाटेत आहे.

वत्सलाबाई जिन्याने दुसऱ्या मजल्यावर चढल्या. मागोमाग हिरामणभाऊ, हातात परमिट.

"तृप्ती, बरी आहेस ना गं?"

"बाई, तुम्ही पण? लाईट कधी येणार? वीसच मिनिटं राहिलीत."

"आत्ता येईल," वत्सलाबाई म्हणाल्या आणि हिरामणभाऊंकडे वळल्या. "कुठे करू सही?"

पण न वाचता सही करायची त्यांना सवय नव्हती. शाळेच्या हजेरीपटावरही त्या पोरं मोजून मगच सही करत. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. कामाचे ठिकाण: चौथा मजला, हॉल. कामाचे स्वरूप: संगणक, आवाज नाही. संभाव्य धोका: नाव राहण्याचा. आणि खाली, सहीच्या वर, एक ओळ होती: 'काम पूर्ण झाले असून सर्व माणसे व हत्यारे सुरक्षित बाहेर आली आहेत.'

"हिरामणभाऊ, काम पूर्ण झालं का?"

"वर सांगून ठेवलंय, दर दहा टक्क्यांना जिन्यातून ओरडायचं. आत्ता तीस झालेत."

"म्हणजे काम पूर्ण नाही. आणि माणसं सुरक्षित बाहेर आली का?"

दोघांनी लिफ्टच्या दाराकडे पाहिलं.

"नाही," हिरामणभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला. "हे बरोबर नाही, बाई. माणूस आत असताना लाईट सोडता येत नाही."

"आणि लाईट सोडल्याशिवाय माणूस बाहेर येत नाही."

"हो."

"बाबा," लिफ्टमधून आवाज आला, "मला सगळं ऐकू येतंय."

"मग ऐक ना. नियम कुणासाठी आहे? तुझ्याच जिवासाठी आहे."

"लिफ्टवाल्याला तरी फोन करा."

"केला, जिना चढतानाच. तो त्र्यंबकला दर्शनाच्या रांगेत आहे. म्हणतो, लाईट आली की आपोआप सुटेल."

वत्सलाबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. गणित त्यांच्या आवडीचं होतं आणि हे सुटण्यासारखं नव्हतं. खोटी सही त्यांनी कधी केली नव्हती आणि खऱ्या सहीने लाईट येणार नव्हती. त्यांनी पेन काढलं, 'पूर्ण' शब्दावर रेघ मारून 'अपूर्ण' लिहिलं आणि हिरामणभाऊंसमोर धरलं.

"खाडाखोड चालत नाही," हिरामणभाऊ हळूच म्हणाले. "नवा फाडावा लागेल. पुस्तक वर आहे."

पुस्तक आणायला ते दोन मजले चढले. उतरले तेव्हा त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी चंद्रभागावहिनी उतरत होत्या, नऊवारीचा ओचा हातात धरून. त्यांच्या मागे जिनाभर बायका. तृप्ती कुठे आहे, ही बातमी पुस्तकाबरोबर वर पोचली होती.

"पोरगी डब्यात कोंडलीय आणि तुम्ही पावती फाडताय?" चंद्रभागावहिनी म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर हिरामणभाऊंना बरं वाटलं असतं.

"अगं, नियम आहे."

"असू दे. किती वाजले?"

"चार एकेचाळीस."

"किल्ली द्या."

"तुझ्याकडे परमिट नाही."

"चाळीस वर्षं तुमच्या घरात गॅस, पाणी, दिवा मीच लावते आणि विझवते," चंद्रभागावहिनी म्हणाल्या. "त्याचं परमिट कधी फाडलंत?"

हिरामणभाऊंनी गळ्यातून सुतळी काढली. मात्र एक गोष्ट त्यांनी मागून घेतली: लाईट सोडण्याआधी तीनदा मोठ्याने सूचना द्यायची. तेवढं चंद्रभागावहिनींनी मान्य केलं आणि दोघं खाली गेले. बायका कठड्याला रेलून उभ्या राहिल्या. वत्सलाबाई लिफ्टच्या दाराशीच थांबल्या.

आत फोन वाजला.

"ताई, कुठे आहेस?" हा हर्षलचा आवाज. लोखंडी डब्यात तो घुमत, तुटत येत होता. "बाबांचा कॉम्प्युटर लागतच नाहीये. मुहूर्त झाला. आता इथूनच सांग."

"लिफ्टमध्ये आहे. अंधार आहे. दिसतंय का काही?"

"सगळं काळं दिसतंय. चालेल, बोल तू. रोशनीने फोन बाळाच्या कानाला लावलाय. सगळे गप्प बसलेत इथे."

वत्सलाबाईंच्या मनात आलं, की मग हा फोन सकाळपासून सगळ्यांच्याच खिशात होता. पण आता तो विचार करण्यात अर्थ नव्हता.

"ऐक हं," तृप्ती म्हणाली. मग तिने आवाज इतका खाली घेतला की दाराला कान लावूनही वत्सलाबाईंना काही कळलं नाही.

"ताई, आवाज नाही येत," हर्षल म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं.

"तुटतंय. परत सांग. मोठ्याने सांग."

खालून हिरामणभाऊंची सूचना आली. "लाईट सोडतोय. लाईट सोडतोय. लाईट सोडतोय."

आणि मेन लागला. जिन्यातले दिवे लागले, भिमाबाईंचा मिक्सर भरारला, पाण्याची मोटर घोंघावली, लिफ्टने एक हिसका दिला आणि तिच्यातला पंखा फिरू लागला. आणि अंधार सरल्यावर या भागात पोरंसोरं, म्हातारेकोतारे, कुणीही न ठरवता, न शिकवता जे ओरडतात, तेच कठड्यावरच्या पंचवीस बायका ओरडल्या, भिमाबाई ओरडल्या आणि फोन तोंडाशी धरलेली तृप्तीही जीव खाऊन ओरडली:

"आली!"

मग जर्मनीतून लख्ख, स्वच्छ, एकही अक्षर न तुटता आवाज आला.

"आली. आली नाव ठेवलंय आत्याने. कुर्र."

आणि तिकडच्या पंधरावीस माणसांनी कुर्र केलं. ते ऐकून इकडच्या पंचवीस बायकांनीही केलं, कारण कुर्र ऐकल्यावर कुर्र न करणं अशुभ. लिफ्ट तळमजल्यावर जाऊन उघडली, तेव्हा तृप्ती फोन हातात धरून, तोंड अर्धवट उघडं ठेवून उभी होती.

"अरे हर्षल, थांब, ते नाव..." ती म्हणू लागली.

"ताई, भारी नाव काढलंस. इथे शेजारच्या जर्मन आजीलासुद्धा पहिल्या झटक्यात म्हणता आलं. आणि रोशनीच्या आई म्हणतायत, संस्कृतात आली म्हणजे सखी. रडतायत त्या."

तृप्तीने फोन खाली घेतला. विहीणबाई रडत असताना नाव मागे घेणं, हे कुठल्याच आत्याला जमलेलं नाही.

वर घुगऱ्या वाटल्या गेल्या. कॉम्प्युटर शंभर टक्क्यांना पोचून स्वतःच बंद झाला होता. वत्सलाबाईंनी माउस हिरामणभाऊंच्याच हातात ठेवून तो चालू करून घेतला. आवाज नव्हता. तेव्हा चंद्रभागावहिनी घुगऱ्यांचं पातेलं घेऊन जाता जाता म्हणाल्या, "तुम्ही तो काळ्या डब्याचा कान पिळून बघितला का? तो मी काल उलटा फिरवला होता. दुपारी जरा डोळा लागू देत नाही." हिरामणभाऊंनी स्पीकरचं बटण फिरवलं आणि खणखणीत आवाज आला. वत्सलाबाईंनी कर्ण्याच्या चित्रापासून शटडाऊनपर्यंत सगळं विचारलं होतं. घरात आणखी कोण राहतं, एवढंच विचारलं नव्हतं.

निघताना तृप्ती त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आली. लिफ्टकडे दोघींपैकी कुणी पाहिलंही नाही.

"काय ठेवणार होतीस गं?" वत्सलाबाईंनी हळूच विचारलं.

तृप्तीने मागे वळून दार लोटलं. "ऊर्जा," ती म्हणाली. "दहा दिवस त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवलं. म्हटलं, ऐन वेळी सगळ्यांसमोर सांगायचं आणि त्यांचं तोंड बघायचं. दोनदा सांगितलं हो बाई त्या डब्यातून. दोन्ही वेळा पोचलं नाही. आता त्यांना सांगू नका. स्वतःच मेन ओढल्यामुळे ऊर्जा हुकली, हे कळलं तर झोपणार नाहीत."

वत्सलाबाई जिना उतरल्या. सांगू नये, हे त्यांना पटत होतं. पण ज्याला चूक कळत नाही तो शिकत नाही, हेही त्यांना छत्तीस वर्षं पटत आलेलं होतं. खाली हिरामणभाऊ पुठ्ठ्याची पाटी काढत होते. वत्सलाबाई त्यांच्याजवळ थांबल्या.

"हिरामणभाऊ, तुम्हाला ऊर्जा हवं होतं. वाईट वाटलं का?"

"वाईट कशाचं, बाई?" हिरामणभाऊंनी पाटी काखेत धरली. "सकाळपर्यंत मी हट्टाला पेटलो होतो, खरं आहे. पण आता मेनपाशी उभं राहून ऐकलं. आम्ही एकलहऱ्याला रात्रंदिवस बसून जे पाठवायचो, ते ह्या टोकाला पोचल्यावर लोक काय म्हणतात, हे कंट्रोल रूममध्ये कधी ऐकू यायचंच नाही. ऊर्जा कुणी म्हणत नाही. सगळे एकच म्हणतात." जिन्याकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "आमच्या तृप्तीचं डोकं बघा. बरोबर तोच क्षण साधला तिने. मला तर वाटतं, लिफ्टमध्ये अडकली नव्हतीच ती. मुद्दाम थांबली होती."

वत्सलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर तपासलेल्या वह्यांमध्ये एकाही चुकीच्या उत्तरावर त्यांनी कधी बरोबरची खूण केली नव्हती.

"हो," त्या म्हणाल्या. "मलाही तसंच वाटलं."